दिल्लीचे छत

आमचे अण्णा पस्तीस वर्षे मुलांना दिल्ली दाखवीत आले आणि स्वतः त्यांनी दिल्ली एकदाही पाहिली नव्हती. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ते इतिहास शिकवीत. फळ्यावर आधी यमुनेची वाकडी रेघ, तिच्या काठाला लाल खडूने किल्ल्याचा लांबट अष्टकोन, पश्चिमेला लाहोरी दरवाजा, दक्षिणेला दिल्ली दरवाजा आणि नदीच्या अंगाला ओळीने महाल. हे सारे पुस्तकात न बघता, हात न थांबवता. लाल खडू शाळेतून मिळत नसे, तो अण्णा पदरच्या पैशाने आणीत. आई म्हणायची, "या घरात पगार झाला की पहिला हप्ता लाल किल्ल्याचा जातो."

या धड्यांची एक वही होती. अजून आहे. दोनशे पानी, खाकी वेष्टणाची, शिवण उसवल्यावर दोऱ्याने पुन्हा शिवलेली. तिच्यात प्रत्येक धड्याची टिपणे, आणि मधूनमधून कंसात स्वतःलाच दिलेल्या सूचना: 'येथे नकाशा', 'येथे सनावळी फळ्यावर', 'येथे मागल्या बाकाकडे पाहावे'. पानिपतच्या धड्यात एक ओळ आहे: 'दिवाणे खास. छत चांदीचे. भाऊसाहेबांनी १७६० साली उतरवून त्याचे रुपये पाडिले.' आणि तिच्यापुढे कंसात: 'येथे थांबावे'. थांबायचे ते टाळ्यांसाठी. बादशहाच्या डोक्यावरची चांदी आपल्या माणसाने उतरवली हे ऐकताच नववीतली चाळीस पोरे बाके बडवीत. मीही त्या वर्गात बसलो आहे आणि बाक बडवला आहे, तेव्हा ही साक्ष ऐकीव नव्हे.

अण्णा निवृत्त झाल्यावर दिल्लीचा बेत दरवर्षी ठरे आणि दरवर्षी मोडे. कधी आईचे गुडघे, कधी माझे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, कधी कुणाचे लग्न. 'दिल्ली अजून दूर आहे' हे निजामुद्दीन औलियांच्या नावावर सांगितले जाणारे वचन आमच्या घराला उद्देशूनच असावे असे वाटू लागले होते. आई गेली आणि अण्णांनी तो विषय काढणेच सोडले. शेवटी २०२५ च्या फेब्रुवारीत मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले. १९५४ नंतर तिथे हा योग पहिल्यांदाच येत होता आणि मराठीचा मास्तर म्हणून मला जाणे भाग होते. अण्णांनी एक्याऐंशीव्या वर्षी ट्रंकेतून कानटोपी काढली. सौ. आणि आठवीतली धाकटी याही निघाल्या. सौ.ने एक पिशवी डब्यांची आणि एक औषधांची भरली. अण्णांच्या खांद्याला एकच शबनम होती आणि तिच्यात वही होती.

संमेलन तालकटोरा स्टेडियममध्ये होते. मी पुस्तकांच्या गाळ्यांत रमलो, सौ.ला माहेरच्या गावची दोन माणसे भेटली, आणि अण्णा कुठे दिसेनात. शोधले तर ते बाहेर झाडाखाली उभे. आजूबाजूची जमीन असे न्याहाळीत होते, की पाहणाऱ्याला वाटावे यांचे काहीतरी पडले आहे.

"अरे, बाजीराव इथं होते," ते म्हणाले.

आणि ते खरेच आहे. १७३७ च्या मार्चअखेर बाजीराव दिल्लीवर अचानक येऊन धडकले. आधी तळ पडला कालिकेच्या देवळाच्या बाजूला, मग फौज तालकटोऱ्याकडे सरकली आणि इथेच बादशाही फौजेशी त्यांची झटापट झाली. शहर समोर होते. ते जाळावे असे बाजीरावांच्या मनात आले होते आणि त्यांनी तो विचार सोडून दिला. का सोडला, ते त्यांनी चिमाजीअप्पांना लिहिलेल्या पत्रात स्वतःच सांगितले आहे. बादशहा आणि त्याचा खानदौरान सलोख्याला अनुकूल होते आणि शहराची राख केली असती तर पुढचे सगळे राजकारणच हातचे गेले असते. हिशेबी माणसाचे हे कारण आहे, त्याला उगाच साधुत्वाची झालर लावू नये. पण दिल्लीतल्या जुन्या इमारतींपैकी ज्या आज उभ्या आहेत त्यांच्या आयुष्यात या न लावलेल्या आगीचाही थोडा वाटा आहे.

"हे मी दरवर्षी शिकवत असे," अण्णा म्हणाले. "पण याला कधी टाळी पडली नाही."

संमेलन संपल्यावर आम्ही तीन दिवस राहिलो. वास्तू पाहण्याआधी तिच्यावरचे वाचून जायची मला खोड आहे. त्यामुळे बरोबरच्यांना दोन त्रास होतात, एक चालण्याचा आणि एक ऐकण्याचा. पहिल्या दिवशी कुतुबमिनार. आपण तो चित्रांत इतक्यांदा पाहिलेला असतो, की प्रत्यक्षात ओळखीच्या माणसाकडे पाहावे तसे पाहून पुढे जायची इच्छा होते. तसे करू नये. जवळ जाऊन दगडावरची अक्षरे पाहावीत. मजले पाच, उंची साडेबाहत्तर मीटर, पायऱ्या ३७९. पायऱ्या मोजून खात्री करून घेण्याची सोय मात्र आता उरलेली नाही. १९८१ च्या डिसेंबरात जिन्यातले दिवे गेले, अंधारात चेंगराचेंगरी झाली आणि ४५ जण दगावले. त्यांत बहुतेक शाळेच्या सहलीला आलेली मुले होती. तेव्हापासून ते दार बंद आहे. अण्णा त्या बंद दारापाशी कानटोपी काढून उभे राहिले. पस्तीस वर्षांत पस्तीस सहली नेलेला माणूस तो. "मोजून आत सोडायची आणि मोजून बाहेर काढायची," एवढेच पुटपुटले.

मिनाराच्या पायथ्याला कुव्वतुल इस्लाम मशीद आहे. तिचे खांब पाहिले की कळते, हे मुळात दुसरीकडचे. कुठे साखळीला टांगलेल्या घंटा कोरलेल्या, कुठे पानवेली, आणि उंची जुळावी म्हणून एकावर एक ठेवलेले दोन वेगवेगळ्या घराण्यांचे खांब. सत्तावीस देवळांचे सामान वापरले, असे पूर्वेच्या दारावरच्या लेखात नमूद करून ठेवले आहे. धाकटीने विचारले, "म्हणजे नेलं आणि वर पावतीही लिहून ठेवली?" मला याहून चांगले सांगता आले नसते. अंगणातला लोहस्तंभही मूळचा तिथला नाही. गुप्तांच्या काळातला, चंद्र नावाच्या राजाची कीर्ती सांगणारा, सहा टनांहून जड, तोही कुणीतरी कुठून तरी आणून उभा केलेला. त्याला पाठ लावून मागे हाताला हात भिडवायचा आणि भाग्य अजमावायचे, ही पूर्वीची रीत. १९९७ पासून भोवती कठडा आहे. सौ. म्हणाली, "बरं झालं, नाहीतर तुम्ही तेही करून पाहिलं असतंत."

मला त्या सगळ्या आवारात खरी आवडली ती हिरवळीवर बसवलेली एक बिचारी छत्री. १८०३ च्या भूकंपात मिनाराचा माथा ढासळला. तो दुरुस्त करणाऱ्या मेजर स्मिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअराने १८२८ मध्ये वर आपल्या कल्पनेची छत्री चढवली. ती तिथे इतकी विजोड दिसू लागली, की १८४८ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंगच्या हुकमाने खाली उतरवावी लागली. फेकून न देता बाजूला मांडून ठेवली आहे. परीक्षेत नापास झालेल्या उत्तरपत्रिका अशाच जपून ठेवण्याची पद्धत असती तर आमच्या महाविद्यालयाला मोठे मैदान लागले असते.

त्या रात्री धाकटीने मोबाइलवर एक यादी सुरू केली. मथळा: 'कोणी कोणाचं काय नेलं'. दुसऱ्या दिवशी यादी भराभर वाढली. फिरोजशहा कोटल्यावर अशोकाचा स्तंभ आहे, तो फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात टोपऱ्याहून आणवला. त्यावर काय लिहिले आहे हे त्याने पंडितांना विचारले, आणि एकालाही वाचता आले नाही. ती लिपी उलगडायला १८३७ साल आणि प्रिन्सेप यावा लागला. (त्या कोटल्याच्या भुयारांत लोक आजही जिनांच्या नावे अर्ज लिहून ठेवतात. अर्ज मात्र सगळ्यांना वाचता येतात, उत्तराचीच अडचण आहे.) पुढे हुमायूनचा मकबरा. शेवटचा बादशहा १८५७ मध्ये इथे आसऱ्याला आला आणि इथेच पकडला गेला, आणि नव्वद वर्षांनी, फाळणीत, याच आवारात निर्वासितांचे तळ पडले. अण्णा तिथल्या ओट्यावर बसून म्हणाले, "राजा काय नि रयत काय, पळून यायची जागा एकच."

तिथून जवळच अब्दुल रहीम खानखानाचा मकबरा आहे. दोहे लिहिणारा रहीम तो हाच. त्याने ही वास्तू मुळात आपल्या बायकोसाठी बांधली आणि पुढे स्वतःही तिथेच विसावला. अठराव्या शतकात सफदरजंगाच्या मकबऱ्याला दगड कमी पडू लागला, तेव्हा रहीमच्या घुमटावरचा संगमरवर आणि अंगावरचा दगड सोलून तिकडे नेण्यात आला. सफदरजंगाचा मकबरा १७५४ चा, म्हणजे पानिपतच्या आधी जेमतेम सात वर्षे. अलीकडे रहीमच्या वास्तूची मोठी दुरुस्ती झाली आणि २०२० मध्ये ती पुन्हा उघडली. पण घुमटावर संगमरवर सगळीकडे परत चढवलेला नाही, जखम दिसेल अशी ठेवली आहे. साहित्य शिकवणाऱ्या माणसाला कवीच्या डोक्यावरचा दगड गेलेला पाहून जे वाटायचे ते मला वाटले. मी सफदरजंगाविषयी चार कडक शब्द बोललो.

धाकटी यादी वाचीत होती. "आजोबा, यात आपलं नाव अजून आलंच नाही."

अण्णा बोलले नाहीत. मीही रस्त्यावर रिक्षा शोधू लागलो. लाल किल्ला दुसऱ्या दिवशी होता.

सकाळी साडेनऊला आम्ही लाहोरी दरवाज्यापाशी होतो. अण्णांच्या पायांत त्या दिवशी वेगळेच बळ आले होते. छत्ता चौकातल्या दुकानांकडे त्यांनी पाहिलेदेखील नाही. "आता नौबतखाना," ते म्हणत आणि नौबतखाना येई. "आता दिवाणे आम," आणि तो येई. आम्ही एक गाइड ठरवला होता, पांढऱ्या दाढीचा, अदबशीर. पाच मिनिटांत त्याच्या लक्षात आले की आपल्याला इथे काम नाही, आणि तो निमूटपणे अण्णांच्या मागे चालू लागला. दिवाणे आममध्ये मात्र त्याने डाव साधला. बादशहाच्या आसनामागे रंगीत दगडांचे जडावकाम आहे, त्यात वीणा वाजवणारा एक परदेशी गंधर्व आहे. १८५७ नंतर एका इंग्रज कप्तानाने त्यातले तुकडे काढून विलायतेत विकले, आणि लॉर्ड कर्झनने ते तिथून परत आणवून बसवले. हे अण्णांना ठाऊक नव्हते. त्यांनी गाइडला "वा" म्हटले आणि दोघांची दोस्ती जमली. धाकटीने यादीत लिहिले: 'इंग्रज. नेलं. परत आणलं.'

मग दिवाणे खास. पांढरा संगमरवर, महिरपींवर सोन्याची नक्षी, भिंतीवर या जागेला स्वर्ग म्हणणारा तो प्रसिद्ध फारसी शेर. मयूरासन इथलेच. १७३९ मध्ये नादिरशहाने ते नेले, एवढे सांगून गाइडने बोट वर केले.

"और ऊपर ये जो लकडी की छत देख रहे हैं, यहाँ चाँदी की थी. वो मरहट्टे उतार ले गए."

त्याच्या आवाजात राग नव्हता, कुचेष्टाही नव्हती. नादिरशहाच्या पुढचे वाक्य होते, इतकेच. पण त्या दोन वाक्यांच्या मध्ये त्याने श्वासही घेतला नव्हता. नादिरशहा आणि आम्ही एका दमात आलो. मग अदबीने त्याने विचारले, "आप लोग कहाँ से तशरीफ लाए?"

सौ. म्हणाली, "महाराष्ट्र से."

तो गडबडून म्हणाला, "अजी, पुरानी बात है, पुरानी बात है!"

मी अण्णांकडे पाहिले नाही. नववीच्या वर्गात याच ओळीनंतर बाके वाजत. इथे आमच्या शेजारी उभ्या असलेल्या कुठल्याशा शाळेच्या मुलांनी वर पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि ती पुढे गेली. अण्णा मान मागे टाकून उभे होते. वर लाकडी तक्तपोशी आहे, १९११ च्या दरबाराच्या वेळी रंगवलेली. वाईट नाही. खालच्या संगमरवराला शोभत मात्र नाही. लग्नाच्या शालूवर रोजची चोळी घालावी तसे काहीतरी दिसते.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "पस्तीस वर्षं मी हे छत उतरवलं रे. इथं वर काय असेल, ते कधी मनात आणून पाहिलंच नाही."

आम्ही त्यांना बागेच्या कडेला एका बाकावर बसवले. सौ.ने थर्मासातला चहा दिला. मला वाटले, आता काहीतरी दिलाशाचे बोलावे. मी रंगमहालाकडे बोट दाखवून सांगितले, की तिथलेही छत एके काळी चांदीचेच होते. फर्रुखसियर बादशहाच्या अमदानीत, म्हणजे १७१३ ते १७१९ च्या दरम्यान, पैशाची नड पडली म्हणून ते दरबारानेच काढले आणि तांब्याचे बसवले. पुढे दुसऱ्या अकबराच्या काळात तांबेही गेले आणि लाकूड आले. हे पुरातत्त्व खात्याच्या जुन्या मार्गदर्शिकेत आहे. म्हणजे घरच्यांनीच आधी पायंडा पाडला होता.

"असेल," अण्णा म्हणाले. "त्यांनी त्यांच्या घरची भांडी मोडली. आपण पाहुणे."

"पाहुणे कसले? आपण तेव्हा तर रखवालदार होतो," मी म्हटले.

"मग तर आणखीच वाईट."

माझा युक्तिवाद तिथे संपला. अण्णांनी शबनममधून वही काढली, पण उघडली नाही. मांडीवर ठेवून ते धाकटीला सांगू लागले. वर्गात सांगत तसे नव्हे, हळू आवाजात.

१७६० च्या ऑगस्टच्या आरंभी किल्ला भाऊसाहेबांच्या हाती आला. पण किल्ल्यात पैसा नव्हता आणि शहरात दाणा नव्हता. दख्खनेतून एवढी मोठी फौज, तिच्याबरोबर बायकामुले, यात्रेकरू, बाजारबुणगे, हत्ती, घोडी, बैल. पावसाने यमुना भरलेली, पलीकडे अब्दाली. पैसा यायचा तो अंतर्वेदीतून, गोविंदपंत बुंदेल्यांकडून. भाऊ त्यांना पत्रामागून पत्र लिहितात, पैसा पाठवा, रसद पाठवा. त्या पत्रांत शौर्याची वाक्ये थोडी आणि तगादाच फार. माणसांना उपास पडतात, घोडी झाडाचा पाला खातात. अशा वेळी त्या माणसाने मान वर करून छताकडे पाहिले. चांदी उतरवली, टांकसाळीत घातली, शिपायांना वाटली. ती किती दिवस पुरणार! ऑक्टोबरात कुंजपुऱ्याकडे निघेपर्यंतसुद्धा पुरली नसावी. आणि सूरजमल जाट याच सुमारास साथ सोडून गेला. त्याच्या रुसव्याच्या कारणांत या छताचेही नाव घेतले जाते. १४ जानेवारीला पानिपत.

धाकटी ऐकत होती. मग तिने विचारले, "आजोबा, फौज उपाशी होती म्हणून छत काढलं. मग त्यात टाळ्या कशाला?"

हा प्रश्न मी नववीत विचारायला हवा होता. मी बाक बडवत बसलो.

अण्णांना राग येईल असे वाटले. शिक्षकाला असे प्रश्न मनापासून आवडतात ही आमच्या धंद्यातली एक अफवा आहे. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "अगं, भुकेची गोष्ट सांगितली असती तर वर्ग गप्प बसला असता. मला टाळ्यांची चटक लागली होती." आणि मग, थोड्या वेळाने, "आणि पोरांनाही हवं होतं गं काहीतरी. पुढच्या तासाला पानिपत हरायचं असायचं."

ते उठले. आम्हाला वाटले आता परत. पण ते काठी टेकत पुन्हा दिवाणे खासकडेच निघाले. गाइडही मागोमाग आला. तिथे उभे राहून त्यांनी नातीला पुढची गोष्ट सांगितली. तीही वहीत होती, पण घाईने उरकायच्या भागात. छत गेल्यावर बारा वर्षांनी, १७७२ मध्ये, परागंदा झालेल्या शाहआलम बादशहाला मराठ्यांनी दिल्लीत आणून बसवले. १७८४ मध्ये वकील-ए-मुतलक ही बादशाहीची सर्वोच्च मुखत्यारी पेशव्यांच्या नावे झाली आणि ती महादजी शिंद्यांनी चालवली. १७८८ मध्ये गुलाम कादिर रोहिला याच महालांत शिरला. त्याने खजिन्यासाठी जमिनी खणल्या, शहजाद्यांचे हाल केले आणि म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले. महादजींची फौज आली, तिने किल्ला घेतला, आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवले आणि गुलाम कादिराला हुडकून शासन केले.

"पण आली उशिरा," अण्णा म्हणाले. "हेही लिही. डोळे गेल्यावर आली."

गाइड इतका वेळ कान देऊन होता. मराठी त्याला किती कळले कोण जाणे, पण नावे कळली असावीत. तो म्हणाला, "महादजी सिंधिया? वो भी हम बताते हैं साहब, टाइम हो तो."

धाकटीचा अंगठा मोबाइलवर थांबला होता. "आजोबा, मग यादीत आपल्याला कुठं घालू? नेलं म्हणून की राखलं म्हणून?"

"दोन्हीकडं घाल. दोन ओळी होतील तर होऊ देत."

लाल किल्ल्याचे सर्वांत मोठे नुकसान यांपैकी कुणीच केले नाही. १८५८ मध्ये बहादूरशहाचा खटला याच दिवाणे खासमध्ये चालवून झाल्यावर इंग्रजांनी आतले बहुतेक महाल, जनाने, अंगणे आणि बागा पाडून टाकल्या आणि तिथे पलटणीच्या बराकी बांधल्या. आज किल्ल्यात जी मोकळी हिरवळ दिसते आणि जिच्यावर आपण चिवडा खातो, ती एके काळी घरे होती. पुढे १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचे खटले याच किल्ल्यात चालले. बराकींतले लष्कर हलायला २००३ चा डिसेंबर उजाडला. अण्णांच्या फळ्यावरच्या नकाशात नदीकाठचे महाल जितक्या दाटीने असत तितक्या दाटीने ते आता नाहीत. अण्णा दोन महालांमधली अंतरे पावलांनी मोजू लागले, तेव्हा सौ.ने त्यांना दम दिला.

नवी दिल्ली आम्ही शेवटच्या दिवशी टॅक्सीतून पाहिली, आणि ती टॅक्सीतून पाहण्याजोगीच आहे. रस्ते रुंद, झाडे उत्तम, आणि कुठेही उतरून पायी जावे असे अंतर नाही. राष्ट्रपतिभवन, १४४ खांबांचे, १९२७ चे गोल संसदभवन, ज्यातले कामकाज २०२३ मध्ये शेजारच्या नव्या इमारतीत गेले, इंडिया गेट, जिथली अमर जवान ज्योत २०२२ मध्ये जवळच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात नेऊन मिळवली. धाकटी म्हणाली, इथेही वस्तू एकीकडून दुसरीकडे जातातच की. सौ.ला सगळ्या दिल्लीत लोदी बाग पसंत पडली. तिथे तिकीट नाही आणि सुलतानांच्या कबरींना पाठ टेकून लोक डबे खातात. आमचेही मेथीचे ठेपले तिथेच संपले.

परतीच्या गाडीत अण्णांना पाटणगंज आठवले. खरे नाव पटपडगंज. ११ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या पलटणींचा यमुनेपलीकडे पराभव केला आणि दिल्ली आपल्या हातून गेली, ती जागा. तिथे काय आहे, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, वस्ती आहे, सोसायट्या आहेत. लेकच्या विजयाचा एक स्तंभ आहे, तो आता नोएडाच्या गोल्फच्या मैदानात आहे. "आपलं काही?" मी म्हटले, नाही. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मथुरा गेल्यावर त्यांनी धाकटीकडून मोबाइल मागून घेतला आणि छताचा फोटो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. "हे रंगवलं कधी म्हणालीस?" "एकोणीसशे अकरा." त्यांनी पेन शोधले. गाडी हलत होती म्हणून लिहिले मात्र नाही.

आमची धाकटी यंदा नववीत गेली आहे. दसऱ्याला आम्ही गावी गेलो तेव्हा अण्णांनी स्वतःहून तिला वही दिली, आणि ती झोपल्यावर मी ती चाळली. पानिपतच्या पानावर जागा उरलेली नव्हती, म्हणून अण्णांनी एक कोरी चिठ्ठी वरच्या कडेला डिंकाने चिकटवली आहे. अक्षर थरथरते, पण सूचना तशाच: 'गोविंदपंतांस पत्रे वाचून दाखवावीत, सावकाश. मग रंगमहाल, फर्रुखसियर. मग १७८८, उशीर झाला हे सांगावे. सध्याचे छत लाकडी, रंग १९११.' जुन्या ओळीपुढचे 'येथे थांबावे' खोडलेले नाही. त्याला लाल शाईने एक बाण काढला आहे आणि तो पार खाली, चिठ्ठीच्या शेवटापर्यंत नेला आहे.